एकाची सही, हजारोंचा दावा

मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याविरुद्ध लढल्या गेलेल्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात माझ्या गावाचं नाव आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी घटनेच्या पेपरची तयारी चालली होती, डोळे मिटत होते, आणि एकदम ओळ आली: हा अर्जदार १९६९ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून मुंबईत आला. मी ताठ बसले. हा माणूस जोडे शिवायचा. गावी दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. राहतं घर पडलं म्हणून मुंबई गाठली आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले; बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाला ७०० गेले. दुसरा अर्जदार तमिळनाडूतल्या सेलमचा, भूमिहीन मजूर. त्याची झोपडी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला. जुलै १९८१ मध्ये महापालिकेने ती पाडली आणि बायकामुलांसकट त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या, हा कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती, घटनेचं २१वं कलम, जगण्याच्या हक्काचा अर्थ, आणि त्यात बांबूची किंमत! तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटतं, ते ३०० आणि ७०० चे आकडे कुणीतरी ज्युनियरने त्या माणसाशेजारी बसून, दोनदा विचारून, लिहून घेतले असणार. चार वर्षं झाली, मी हेच काम करतेय.

माझं घर म्हणजे वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडी सेविका. वकील सातही पिढ्यांत नाही. पुण्यात पाच वर्षांचा लॉचा कोर्स केला, सनद घेतली, बार परीक्षा दिली आणि मुंबईत एका मॅडमच्या चेंबरला लागले. पहिल्या वर्षी महिन्याला ८,००० रुपये. लोकलचा पास, डबा आणि कॉट बेसिसवरची जागा यांत ते कुठे जायचे कळायचं नाही. (ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलं. शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे ते चेंबरमध्ये कुणी मोठ्याने वाचत नाही.)

मॅडमकडे दोन तऱ्हेच्या केसेस जास्त: जनहित याचिका, आणि एका माणसाने किंवा काही माणसांनी पुष्कळांच्या वतीने लढायचे सामूहिक दावे. लोक दोन्हींना सरसकट ‘पीआयएल’ म्हणतात. गेल्या मे महिन्यात एका लग्नात मामाने विचारलं, “सध्या तुझा पक्षकार कोण गं?”

“एका प्रकल्पातले फ्लॅटवाले. तीनशे शहाऐंशी.”

“सगळ्यांनी वकीलपत्र दिलंय?”

“एकशे बारा जणांनी. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना मी पाहिलेलंही नाही.”

“मग त्यांची वकील तू कशी?”

मामा गुळाचा व्यापारी आहे, कायद्याशी त्याचा संबंध फक्त भाडेकरूपुरता. पण त्याने नेमका तोच प्रश्न विचारला ज्यावर हा सगळा कायदा उभा आहे. जो कोर्टात आलेला नाही, ज्याने सही केलेली नाही, त्याच्या वतीने कुणी बोलायचं, आणि बोलणाऱ्याचं बोलणं त्याला किती बंधनकारक?

आधी जनहित याचिकेचं बघू, कारण ती ओळखीची आहे. जुना नियम साधा होता: ज्याला काटा टोचला त्यानेच ओरडायचं. तुमचा स्वतःचा हक्क डावलला गेला असेल तरच तुम्ही कोर्टात याल. आता बिहारच्या तुरुंगात खटल्याविना वर्षानुवर्षं खितपत पडलेला कैदी दिल्लीला येणार कसा? १९७९ मध्ये अशा कैद्यांविषयी वर्तमानपत्रात छापून आलं आणि ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तोच हुसैनारा खातून खटला. डिसेंबर १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने तत्त्वच सांगून टाकलं: गरिबीमुळे किंवा लाचारीमुळे जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी प्रामाणिक हेतूने कुणीही येऊ शकतो, अगदी पत्र लिहूनही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या स्त्री कैद्यांना पोलिस कोठडीत होणाऱ्या मारहाणीबद्दल असंच पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये त्यावर महाराष्ट्र सरकारला आदेश निघाले. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलिस.

याच शीला बारसेंची पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. तुरुंगात डांबलेल्या लहान मुलांसाठी त्यांनी आणखी एक याचिका केली होती. तारखा पडत गेल्या, राज्यं उत्तरं देईनात, त्या वैतागल्या आणि १९८८ मध्ये म्हणाल्या, मी याचिका मागे घेते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घेता येणार नाही. ही याचिका तुमची नाहीच, ती त्या मुलांची आहे. त्यांना बाजूला होऊ दिलं आणि त्यांच्या जागी विधी साहाय्य समितीला आणून खटला चालू ठेवला. इतकी मेहनत घेतलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, असं मनात येतंच. तरीही न्यायालयाचं बरोबर होतं. तुम्ही दार उघडलंत म्हणून घर तुमचं होत नाही.

जनहित याचिकेत साधारणपणे पैसे मागत नाहीत. आदेश मागतात: हे करा, ते थांबवा, अहवाल द्या. साक्षीदारांची उलटतपासणी नाही, प्रतिज्ञापत्रांवर काम चालतं. म्हणून ती हत्यारासारखी सोपी वाटते आणि म्हणूनच तिचा गैरवापरही होतो. शेजाऱ्याशी भांडण, धंद्यातली स्पर्धा, सगळं ‘जनहित’ या वेष्टनात येऊ लागलं. २०१० मध्ये बलवंतसिंह चौफाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना यासाठी नियम करायला सांगितले. आता मुंबई उच्च न्यायालयात याचिका करताना तुमचा यात खासगी स्वार्थ नाही हे शपथेवर लिहावं लागतं, आणि न्यायमूर्तींना शंका आली तर आधी काही रक्कम जमा करा, मग बोलू, असंही सांगतात. मॅडम नव्या पक्षकाराला पहिला प्रश्न हाच विचारतात: “यात तुमचं काय जातंय?” उत्तर “काहीच नाही” असेल तर याचिका. “माझे चाळीस लाख” असेल, तर तो दुसरा रस्ता.

तो दुसरा रस्ता म्हणजे सामूहिक दावा. इथे प्रत्येकाचा स्वतःचा हक्क दुखावलेला असतो, फक्त दुखणं एकच असतं. आपल्याकडे हे काही अमेरिकेहून आलेलं नवं फॅड नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १, रूल ८ आहे, आणि कोर्टात कुणीही वकील त्याला ‘वन रूल एट’ एवढंच म्हणतो. पुष्कळ लोकांचं हित एकच असेल तर त्यांतला एक जण, कोर्टाच्या परवानगीने, सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतो. आणि निकाल लागला की तो सगळ्यांना बंधनकारक. सही न केलेल्यालाही. जिंकलात तर सगळे जिंकले. हरलात तर घरी टीव्ही बघत बसलेलाही हरला. हे दुसरं वाक्य लोकांना सांगितलं की क्षणभर कुणी बोलत नाही.

म्हणूनच कायद्याने या दाराला कुलपं लावलीत. मुख्य कुलूप आहे ‘हित एकच’ हे. वाचायला सोपं, सिद्ध करायला महाकठीण. तमिळनाडूच्या गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्न गटातल्या घरमालकांकडे जादा किंमत मागितली, तेव्हा मंडळाचं म्हणणं होतं की प्रत्येकाला वेगळी नोटीस गेलीय, म्हणजे प्रत्येकाचं भांडण वेगळं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. नोटिसा वेगळ्या असल्या तरी प्रश्न एकच, असं ते म्हणालं. उलट बाजूचं उदाहरण बंगळुरूचं. १,१३४ फ्लॅटचा प्रकल्प, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार घेऊन आले ९१ जण, सगळ्या फ्लॅटधारकांच्या वतीने. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, बाकीच्यांचं हित तुमच्यासारखंच आहे हे तक्रारीत कुठे लिहिलंय? नुसतं ‘आम्ही सगळ्यांच्या वतीने’ म्हणून चालत नाही. मात्र तक्रार फेकूनही दिली नाही. तुम्ही ९१ जण मिळून संयुक्त तक्रारदार म्हणून लढा, असं म्हटलं. म्हणजे तिसरीही वाट आहे: जेवढ्यांच्या सह्या तेवढ्यांचाच दावा. ग्राहक कायद्यात सामूहिक आणि संयुक्त, दोन्ही वाटा आहेत.

आमच्या ३८६ फ्लॅटच्या केसमध्ये पहिले दोन महिने मी कायदा उघडलाच नाही. एक्सेल शीट भरत होते. कराराची तारीख, ताबा कधी द्यायचं कबूल केलं होतं, किती रक्कम भरली, पार्किंगचे पैसे वेगळे घेतले का, ताबा मिळालाय की नाही. रविवारी प्रकल्पाच्या अर्धवट पार्किंगमध्ये प्लास्टिकचं टेबल टाकून बसायचे. डोक्यावर कॉलममधल्या सळया, खाली सिमेंटची धूळ, समोर रांग. शीट भरत गेले तसं दिसू लागलं की ३८६ लोक हा एक जमाव नाहीच. काहींना तीन वर्षं उशीर, काहींना अकरा महिने. काहींनी फ्लॅट विकून टाकलाय. चौदा जण तर गुंतवणूकदार, एकेकाने तीन-तीन घेतलेत. ताबा घेऊन राहायला गेलेल्यांना पाणी आणि लिफ्ट हवी. ताबाच न मिळालेल्यांना व्याज हवं, काहींना पैसे परत. एकाला घर हवंय, दुसऱ्याला त्या घराचे पैसे. हित एक कसं म्हणणार?

मॅडमनी शीट पाहिली आणि पेन्सिलने मधोमध रेघ मारली. “उशिराचं व्याज एवढाच मुद्दा सगळ्यांत समान आहे. तेवढ्यापुरती सामूहिक तक्रार. पार्किंग, लिफ्ट, बाकीची रड वेगळी.” रेघेच्या खाली गेलेल्या लोकांना फोन करून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते फोन मी विसरणार नाही.

दुसरं कुलूप नोटिशीचं. परवानगी देताना कोर्ट सांगतं, ज्यांच्या वतीने बोलताय त्यांना कळवा. इतक्या जणांना वेगवेगळं कळवता येत नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. खर्च दावा लावणाऱ्याचा. ज्याला वाटतं ‘माझ्या वतीने यांनी बोलू नये’ किंवा ‘मलाही बोलायचंय’, तो पक्षकार व्हायला अर्ज करू शकतो. ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत येणारी ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ वाली नोटीस असते ना, तिच्यावर अशा दाव्याची सगळी इमारत उभी असते. कारण न आलेल्या माणसाला निकाल बंधनकारक का, तर त्याला संधी दिली होती म्हणून.

आमची नोटीस मी लिहिली. ‘ए व बी विंगमधील सर्व सदनिकाधारक’. प्रकल्पाला तीन विंग आहेत. सी विंग माझ्या हातून राहिली. मॅडमनी पाहिलं नाही, मी पुन्हा वाचलं नाही. समोरच्या वकिलांनी पुढच्या तारखेला उभं राहून फक्त एवढंच विचारलं, “सी विंग यात आहे का?” आणि बसले. पुन्हा नोटीस, पुन्हा दोन वर्तमानपत्रांचा खर्च, आणि साडेचार महिन्यांनंतरची तारीख. त्या रात्री मी व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःहून लिहिलं की चूक माझी. कुणी रागावलं नाही. एकाने अंगठ्याचा इमोजी टाकला. तो जास्त लागला.

तिसरं कुलूप तडजोडीचं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या एकट्याच्या दाव्यात तुम्ही हवी तशी तडजोड करा. पण सगळ्यांच्या वतीने आलेल्याला दावा मागे घ्यायचा असेल, त्यातला काही भाग सोडून द्यायचा असेल, किंवा समोरच्याशी मिटवायचं असेल, तर सगळ्यांना पुन्हा नोटीस द्यावी लागते. तो नीट लढत नसेल तर कोर्ट त्याच्या जागी दुसऱ्याला आणू शकतं. हे कशासाठी, ते भोपाळमध्ये दिसतं.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. काही दिवसांतच अमेरिकन वकील भोपाळला पोचले आणि जखमींच्या सह्या-अंगठे गोळा करू लागले. तिकडे भरपाईच्या रकमेत वकिलाचा वाटा असतो. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लावायचा हक्क फक्त भारत सरकारला दिला. कल्पना समजण्यासारखी आहे: अनाथ मुलाचा पालक कोर्टात उभा राहतो तसं सरकार लाखोंचं पालक झालं. सरकारने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. मे १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं, हा खटला भारतातच चालवा. इकडे सरकारने सुमारे ३.३ अब्ज डॉलर मागितले. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ४७ कोटी डॉलरवर मिटवलं. मागणीच्या सातव्या हिश्श्याएवढं. वर फौजदारी खटलेही बंद. ज्यांची फुप्फुसं जळाली होती त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी, चरणलाल साहू खटल्यात, न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पण पीडितांचं म्हणणं तडजोडीआधी ऐकायला हवं होतं हे मान्य केलं, आणि आता ते फेरविचार याचिकेत ऐकता येईल असं म्हटलं. १९९१ मध्ये फेरविचारात फौजदारी खटले परत उभे राहिले, रक्कम तीच राहिली. वाढीव भरपाईसाठी सरकारनेच पुढे क्युरेटिव्ह याचिका (फेरविचारानंतरचा शेवटचा उपाय) केली, ती मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. माझ्या मते भोपाळचा सगळ्यात मोठा दोष आकडा हा नव्हता. पालक आणि मूल यांचं बोलणंच झालं नाही, हा होता.

आता पैशाचं, कारण मामाचा पुढचा प्रश्न तोच होता. अमेरिकेत १९६६ पासून आजच्या रूपातला ‘क्लास ॲक्शन’ आहे. तिथे नुकसानभरपाईच्या दाव्यात तुम्ही नको म्हटलं नाही तर आपोआप आत असता, आणि वकिलाला जिंकल्यावर कोर्टाने मंजूर केलेला हिस्सा मिळतो. हरला तर त्याचे स्वतःचे पैसे बुडतात. त्यामुळे एकेकाचे दहा-दहा डॉलर बुडाले असले तरी लाखो लोकांसाठी लढायला मोठ्या फर्म तयार असतात. यातून लोभही येतो. काही वेळा लोकांना कूपन आणि वकिलांना कोटी, अशी टीका तिकडेच होते. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी हा मार्ग बंद केलाय. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. हेतू चांगला, पण मग ३८६ लोकांचं पाच वर्षांचं काम कोण करणार? वर्गणीतून. आमच्या ग्रुपमध्ये दर फ्लॅटमागे ५,००० रुपये ठरले, खजिनदार एक निवृत्त बँक मॅनेजर, आणि झेरॉक्सच्या बिलावरून त्यांच्याशी माझी दर महिन्याला झकाझकी.

हा फरक सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या वेळी उघडा पडला. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि शेअर कोसळला. कंपनीचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारातही होते. तिकडच्या गुंतवणूकदारांनी क्लास ॲक्शन केली आणि कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन मिटवलं. तोच घोटाळा, तीच कंपनी. पण इथल्या गुंतवणूकदारांची संघटना ग्राहक आयोगाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात जाऊन हात हलवत परत आली. आयुष्याची पुंजी शेअरमध्ये घातलेल्या हैदराबाद-पुण्याच्या माणसाने हे पेपरात वाचायचं! २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आलं ते या पार्श्वभूमीवर. आता ठरावीक संख्येने भागधारक एकत्र येऊन कंपनीवर, संचालकांवर, ऑडिटरवर कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ शकतात. कलम २०१६ मध्ये लागू झालं. वापर अगदीच तुरळक, कारण खर्च कोण करणार हा प्रश्न जिथल्या तिथे.

बरं, जिंकलात. पुढे?

मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी हे भोगलंय. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही त्यांची संघटना. कामगार कायद्यात युनियन सगळ्यांच्या वतीने लढू शकते, त्यामुळे हाही एक सामूहिक दावाच, आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रकार. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ठरवलं की कंत्राट हा देखावा आहे, हे २,७०० कामगार खरे महापालिकेचेच. पालिका उच्च न्यायालयात हरली, ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयातही हरली. आणि मग सुरू झाली यादी. कंत्राटदाराच्या मस्टरवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. हिंदीत लिहिलेलं मराठीत, मराठीतलं इंग्रजीत, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गळलेलं. निकालातला माणूस आणि समोर उभा माणूस एकच आहे हे सिद्ध करण्यात शेकडो कामगारांची वर्षं गेली. आयुष्यभर शहराचा कचरा उपसल्यावर ‘तू तोच कशावरून’ असं विचारलं जाणं!

आणि तो संगमनेरचा माणूस? १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. उपजीविकाच काढून घेतली तर जगणं उरतंच काय, हा त्यातला युक्तिवाद. आजही बेदखलीच्या प्रत्येक केसमध्ये हे वाक्य आम्ही टाकतो. पण फुटपाथ मोकळे करायची परवानगी महापालिकेला मिळालीच. फक्त पावसाळा जाऊ दे, ३१ ऑक्टोबर १९८५ च्या आधी हात लावू नका, असं सांगितलं. १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा. म्हणजे इथेही शेवटी यादीच. तत्त्व देशभराला मिळालं; तुळशीवाडीच्या त्या ७०० रुपयांच्या बांबूंचं काय झालं, ते निकालपत्रात नाही.

आमच्या यादीत नंबर ७१ वर एक आजोबा होते. नोटिशीच्या घोळात गेलेल्या त्या साडेचार महिन्यांत ते वारले. परवा आजी चेंबरला आल्या, पिशवीत मृत्यूचा दाखला, लॅमिनेट केलेला.

“वकीलबाई, आता त्यांचं नाव काढणार का?”

“नाही आजी. त्यांच्या जागी वारस म्हणून तुमचं आणि मुलांचं येईल.”

“मला कोर्टात उभं राहावं लागेल?”

“नाही. सही फक्त.”

दाखल्यावर आजोबांचं नाव दत्तात्रय आहे, फ्लॅटच्या करारात दत्तात्रेय. मी दोन्ही बाजूबाजूला ठेवून ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, आजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं, मग सही केली. नोटरी खाली कॉरिडॉरमध्ये बसतो, साडेपाचला उठतो. सव्वापाच झाले होते, लिफ्ट बंद होती. आजी म्हणाल्या, तू पळ पुढे, मी येते.